नाल्यात जिवाणूंच्या बाटल्या ओतण्याआधी: नाल्याकाठच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त व नगरसेवक, बेळगाव महानगरपालिका,
येळ्ळूर, हलगा आणि नाल्याकाठच्या इतर ग्रामपंचायतींचे अध्यक्ष, सदस्य व पीडीओ (पंचायत विकास अधिकारी),
तसेच उद्यमबाग व मच्छे भागातील कारखानदार

स.न.वि.वि.

दिवाळी उलटली की बळ्ळारी नाल्यातले पावसाचे पाणी ओसरते आणि मागे उरते ते निव्वळ सांडपाणी. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात भाताची मळणी उरकेपर्यंत ते काळे पडून कुजायला लागलेले असते आणि वर केंदाळ पसरते. मग तक्रारी सुरू होतात. तक्रारींच्या पाठोपाठ बहुतेक ठिकाणी एक प्रस्ताव येतो: इतके लिटर ‘जैविक कल्चर’ नाल्यात सोडा, जिवाणू घाण खाऊन टाकतील. असा प्रस्ताव आपल्या टेबलावर येईल तेव्हा सही करण्याआधी हे पत्र वाचावे, एवढी विनंती आहे.

जैविक शुद्धीकरण खरे आहे आणि नीट केले तर स्वस्तही पडते. म्हणूनच त्याच्या नावावर पैसा वाहून गेलेला आम्हाला बघवत नाही. जिवाणू विकत घ्यायची गरज क्वचितच पडते. त्यांना हवा, ओल, खत आणि वेळ द्यावा लागतो, आणि जे त्यांना पचत नाही ते, म्हणजे धातू, त्यांच्यापुढे येऊ नये याची काळजी घ्यावी लागते. आमचे सगळे म्हणणे एवढ्यात येते.

आधी बाटलीचा हिशेब करू. चांगल्या कल्चरच्या एका मिलिलिटरमध्ये १०० कोटी जिवाणू असतात असे धरले, तर लिटरभर बाटलीत एक लाख कोटी झाले. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण सांडपाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये मुळातच कोटीभर जिवाणू असतात. रोज दहा लाख लिटर पाणी वाहणाऱ्या एखाद्या छोट्या गटारात बाटलीच्या दहा हजार पट जिवाणू आपोआप येतात, आणि ते त्या पाण्यावर पोसलेले असतात. ओतलेली बाटली काही तासांत पुढच्या गावाच्या हद्दीत गेलेली असते. शिवाय अनेक ठिकाणी आदल्या दिवशी वासावर उपाय म्हणून ब्लीचिंग पावडर टाकतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात जिवाणू सोडतात. हे एकाच हाताने पेरून लगेच तणनाशक मारण्यासारखे आहे.

मग घाण का हटत नाही? जिवाणू कमी पडतात म्हणून नव्हे, प्राणवायू कमी पडतो म्हणून. आपल्या हवामानात स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. घरगुती सांडपाण्याचा बीओडी (लिटरभर पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) सहज २०० मिलिग्रॅमच्या पुढे असतो, म्हणजे त्याच्या एका लिटरला पचवायला पंचवीस-सत्तावीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू लागतो. तेवढा नाल्यात कुठून येणार? तो संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू सल्फेटवर जगू लागतात. त्यातून सडक्या अंड्याचा वास येतो आणि लोहाचे काळे सल्फाइड गाळात बसते. नाल्याचा काळा रंग म्हणजे हवा संपल्याची पाटीच आहे. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत शहराचे सांडपाणी पिढ्यान्‌पिढ्या उथळ तलावांत सोडून त्यावर मासे वाढवतात. सुमारे १२,५०० हेक्टरच्या त्या परिसराला २००२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता, मिळाला. तिथे कुणी बाटल्या ओतल्या नाहीत. उथळ पाण्यावर ऊन पडते, शेवाळ वाढते, ते प्राणवायू सोडते आणि जिवाणू आपले काम करतात.

तेलाचीही गोष्ट तीच. तेल खाणाऱ्या जिवाणूचे नाव निघाले की शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांचे नाव निघते, आणि ते रास्तच आहे. त्यांनी प्रयोगशाळेत घडवलेल्या जिवाणूवर पेटंट मिळू शकते असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिला. पण १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन व्हाल्डीझ जहाजाचे तेल पसरले, तेव्हा मैलोन्‌मैल दगडगोट्यांवर फवारले गेले ते नत्र आणि स्फुरदाचे खत. तेल खाणारे जिवाणू किनाऱ्यावर होतेच, त्यांना नत्र-स्फुरद मिळत नव्हते. आपल्या गॅरेजच्या अंगणातल्या मातीतही ते असतात.

आता नाल्याच्या पाण्याचे काय करायचे ते सांगतो. पहिली अट अशी की पात्रात काहीही बांधू नये. पावसाळ्यात हा नाला फुगून शिवारात शिरतो आणि भात कुजते, हे नाल्याकाठच्या शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको. पात्रात खडी-झाडांचा बांध घातला तर पहिल्याच मोठ्या पावसात तो वाहून जाईल किंवा पाणी आणखी तुंबेल. म्हणून गावाचे गटार नाल्याला मिळते त्याच्या अलीकडे, काठावरच्या उंच जागेत पाणी वळवून घ्यावे आणि पावसाळ्यात वळण बंद करून पाणी सरळ जाऊ द्यावे.

शंभर घरांच्या वस्तीचा हिशेब घेऊ. पाचशे माणसे, माणशी ८० लिटर, म्हणजे दिवसाला ४० हजार लिटर. आधी जाळी, मग दिवसभराचे पाणी मावेल अशी दोन कप्प्यांची गाळटाकी. हॉटेल किंवा खानावळीचे पाणी येत असेल तर चरबी अडवायला वेगळा कप्पा हवाच. त्यापुढे खडीचा वाफा (खडीत झाडे लावलेला, पाणी खडीच्या आतून झिरपत जाणारा), माणशी तीन चौरस मीटर धरून दीड हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे १५ गुंठे. एवढी सलग जागा नसेल तर दोन-तीन वाफे करावेत. एक दुरुस्तीला काढला तरी दुसरा चालू राहतो. वाफ्याची खोली ६० सेंटिमीटर, तळाला अर्धा ते एक टक्का उतार, खाली कुटलेली चिकणमाती किंवा जाड प्लॅस्टिकचा कागद. मधे १० ते २० मिलिमीटरची खडी, आणि पाणी शिरते व निघते तिथे ४० ते ८० मिलिमीटरचे गोटे.

खडी काळ्या दगडाची आणि धुतलेली घ्यावी. ठेकेदार ‘भुकटी आपोआप बसेल’ म्हणतो. ती बसते, पण नेमकी मधल्या फटींत, आणि सहा महिन्यांत पाणी वाफ्यावरून वाहू लागते. जांभा मुख्य वाफ्यात वापरू नये, तो झिजून चिखल होतो. शेवटच्या छोट्या वाफ्यात मात्र जांभ्याचे तुकडे जरूर टाकावेत, कारण त्यातले लोह-अॅल्युमिनियम पाण्यातला स्फुरद धरून ठेवते. खानापूरच्या बाजूला जांभा मुबलक आहे.

झाडांत कर्दळ आणि पाणकणीस लवकर धरतात. वाळा सावकाश वाढतो, पण मुळे खोल सोडतो. चौरस मीटरला चार रोपे लावावीत. पहिले दीड-दोन महिने पाणी खडीच्या पातळीला ठेवावे आणि मुळे खाली गेली की पाच सेंटिमीटर खाली उतरवावे. यासाठी बाहेर जाणाऱ्या नळाला फिरवता येणारा कोपर बसवतात. कोपर आडवा केला की पातळी खाली जाते, उभा केला की वर येते. खडीच्या वर पाणी दिसू लागले तर दुसऱ्याच आठवड्यात डास होतात, आणि मग गाव वाफाच बुजवायला निघते. डासांची तक्रार आली तर आधी तो कोपर बघावा.

हे बांधून निम्मेच काम होते. गाळटाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. कर्दळ वर्षातून दोनदा कापून वाफ्याबाहेर न्यावी लागते. तोच नियम नाल्यातल्या केंदाळाला. केंदाळ वाढताना नत्र, स्फुरद आणि धातूही शोषते, पण पात्रातच कुजू दिले तर सगळे परत पाण्यात सोडते आणि वर उरलासुरला प्राणवायूही खाते. काढून काठावर ढीग मारला आणि तो पावसात पुन्हा नाल्यात गेला, तर काढण्याचा खर्च पाण्यातच गेला.

इथे भाताबद्दल दोन शब्द. सांडपाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम नत्र धरले, तर एकराला पाच सेंटिमीटरची एक पाळी दिली की सुमारे आठ किलो नत्र जमिनीत जाते, म्हणजे साडेसतरा किलो युरिया. बेळगाव बासमतीसारखे सुवासिक भात उंच वाढते. जादा नत्राने ते लोळते आणि करप्यालाही बळी पडते. नाल्याचे पाणी घेणाऱ्याने युरियाची मात्रा त्या हिशेबाने कमी करावी, हे कृषी खात्याने आणि पंचायतींनी कन्नड व मराठी दोन्ही भाषांत फलक लावून सांगावे. जो वाचता येत नाही अशा फलकाने कुणाचे पीक वाचत नाही.

आता उद्यमबाग-मच्छेकडे वळतो, कारण तिथली माती वेगळ्या आजाराची आहे. फाउंड्री, मशीन शॉप, गॅरेज यांच्या मागच्या अंगणात डिझेल, हायड्रॉलिक ऑइल, इंजिन ऑइल मुरते. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायचे असते, जमिनीवर ओतायचे नसते. पण जी माती आधीच माखली आहे, ती बरीचशी साफ करता येते. रीत अशी.

माती उकरून घ्या आणि तिच्यातले मोकळे तेल आधी पिळून, टिपून काढा. मातीत पाच टक्क्यांपेक्षा जास्त तेल असेल तर जिवाणू दबून जातात. समजा माती दहा घनमीटर आहे, म्हणजे सुमारे १५ टन, आणि तेल एक टक्का, म्हणजे १५० किलो. त्यात कार्बन अंदाजे १२७ किलो. शंभर भाग कार्बनला दहा भाग नत्र आणि एक भाग स्फुरद हे प्रमाण धरले, तर नत्र पावणेतेरा किलो आणि स्फुरद सव्वा किलो लागेल. बाजारातल्या भाषेत सांगायचे तर सव्वासहा किलो डीएपी आणि २५ किलो युरिया. हे एकदम टाकू नका. चार हप्ते करा, प्रत्येकात तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवा. सगळा युरिया एकदम पडला की अमोनियाचा वास डोळ्याला झोंबतो, सामू (पीएच) चढतो आणि जिवाणूच मरतात. दोन हप्त्यांत तेल झपाट्याने उतरले तर पुढचे हप्ते निम्मे करा.

खाली चिकणमाती कुटून किंवा दुहेरी कागद घालून ओटा करा, कडेने फूटभर बांध घाला, एका कोपऱ्याला उतार द्या आणि तिथे खड्डा करा. खड्ड्यात झिरपलेले पाणी परत ढिगावरच टाकायचे, गटारात नाही. काळी माती असेल तर हवा खेळत नाही, म्हणून चार-पाच घमेल्यांना एक घमेले पिंजर, तूस किंवा उसाचा चोथा मिसळा. साखर कारखान्याचे कुजलेले प्रेसमड मिळाले तर उत्तम. तांबड्या जांभ्याच्या मातीत हवा खेळते, पण पाणी लगेच खाली जाते आणि माती आम्ल असते. तिथे तळाचा कागद चुकवू नका, आणि सामू सहाच्या खाली असेल तर चुना टाका. ताजे पिंजर स्वतःच नत्र धरून ठेवते, तेवढा युरिया थोडा वाढवावा लागतो.

ढीग मीटरभर उंच असावा, जास्त नको. ओल बघायला यंत्र लागत नाही. मूठभर माती दाबली की लाडू झाला पाहिजे, बोटांतून पाणी गळता कामा नये, आणि टिचकीने लाडू फुटला पाहिजे. लाडू होत नसेल तर शिंपडा. पण तेलकट माती एकदा कडक वाळली की पाणी तिच्यावरून मोत्यासारखे घरंगळते, आत शिरतच नाही. म्हणून वाळू देऊ नये हेच बरे. एक किलो तेल पचवायला बारा-चौदा घनमीटर हवा लागते. दीडशे किलोला दोन हजार घनमीटर हवा ढिगात गेली पाहिजे आणि ती पालटल्याशिवाय जात नाही. पहिला महिना आठवड्यातून एकदा, पुढे पंधरवड्यातून एकदा फावड्याने किंवा जेसीबीने तळापर्यंत पालटा. आत काळी, वास मारणारी गाठ सापडली तर तिथे हवा पोचली नव्हती.

कामाचा मोसम ऑक्टोबर ते मे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वेग मंदावतो (तापमान दहा अंशांनी उतरले की तो साधारण निम्मा होतो), फेब्रुवारीनंतर पुन्हा धरतो. डिझेल असेल तर तीन-चार महिन्यांत बराचसा भाग जातो. इंजिन ऑइल वर्षभर घेते आणि त्यातला जड, डांबरासारखा भाग मागे राहतो. ‘१५ दिवसांत शंभर टक्के’ असे लिहून देणाऱ्याला काम देऊ नका. कूलंट (मशीनवर धातू कापताना वापरतात ते द्रावण) मात्र या ढिगात मुळीच नको. त्यात जिवाणू मारणारे औषध मुद्दाम घातलेले असते.

आणि एक फसवणूक ओळखायला शिका. तेलाचे प्रमाण मातीच्या किलोमागे मोजतात. ढिगात तेवढीच स्वच्छ माती मिसळली की आकडा एका दिवसात निम्मा होतो आणि अहवाल छान दिसतो, पण तेल तेवढेच असते. म्हणून निविदेत अट घाला: सुरुवातीचे आणि शेवटचे एकूण तेल किलोत दाखवावे, ढिगाच्या पाच ठिकाणची माती एकत्र करून नमुना घ्यावा, तो काचेच्या बाटलीत आणि बर्फात प्रयोगशाळेत जावा, आणि शेजारी काहीही न केलेला एक छोटा ढीग तुलनेला ठेवावा.

खर्च करण्याआधी घरच्या घरी करता येईल अशी परीक्षाही आहे. झाकणाच्या दोन सारख्या काचेच्या बरण्या घ्या. दोन्हींत सारखी तेलकट ओली माती, एकीत चिमूटभर युरिया-डीएपी. दोन्हींत मातीवर चुन्याच्या निवळीची एकेक वाटी ठेवा आणि झाकणे घट्ट लावून सावलीत ठेवा. जिवाणू तेल खातात तेव्हा कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि निवळीवर दुधी साय धरते. खताच्या बरणीत साय आधी आणि जाड धरली, तर तुमच्या मातीत जिवाणू आहेत आणि त्यांना फक्त खत हवे होते. दोन्ही निवळ्या आठवड्यानंतरही काचेसारख्या राहिल्या, तर मातीत काही विषारी आहे. मग धातूंची तपासणी आधी, ढीग नंतर.

धातूंबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण इथेच सर्वांत जास्त भूल दिली जाते. शिसे, कॅडमियम, जस्त, क्रोमियम ही मूलद्रव्ये आहेत. कुठलाही जिवाणू ती संपवू शकत नाही. प्लेटिंगच्या पाण्यातले षट्संयुजी (विषारी, पाण्यात विरघळणारे) क्रोमियम तेवढे जिवाणू त्रिसंयुजी रूपात बदलतात आणि ते अविद्राव्य होऊन गाळात बसते. साखर कारखान्याची पातळ केलेली मळी जमिनीत सोडून प्राणवायू संपवला की हे घडते, ही सिद्ध पद्धत आहे. पण आपल्या लोहाने भरलेल्या तांबड्या मातीत त्याच वेळी लोह आणि मँगनीज विरघळून शेजारच्या विहिरीत उतरू शकतात. म्हणून विहिरी जवळ असतील तिथे तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय हे करू नये.

मोहरी लावून शिसे काढतो, असेही प्रस्ताव येतात. एका एकरात वरच्या २० सेंटिमीटरमध्ये सुमारे ११३० टन माती असते. किलोमागे शंभर मिलिग्रॅम शिसे कमी करायचे म्हणजे ११३ किलो बाहेर काढायचे. मोहरीचे चार टन सुके काड निघाले आणि त्यात किलोला शंभर मिलिग्रॅम शिसे आले असे अगदी सढळ हाताने धरले, तरी एका पिकात ४०० ग्रॅम निघते. सुमारे २८० पिके घ्यावी लागतील. अशा जमिनीत धातू काढण्यापेक्षा बांधून ठेवणे शहाणपणाचे: चुना, शेणखत आणि वर वाळ्याच्या दाट रांगा. आणि अशा जमिनीवरचा चारा जनावरांना घालू नये. वाफ्यातली कर्दळ धातूंची तपासणी झाल्याशिवाय गोठ्यात किंवा कंपोस्टमध्ये जाता कामा नये.

म्हणूनच कारखानदारांना आमची पहिली विनंती सांडपाणी वेगळे ठेवण्याची आहे. प्लेटिंगचे पाणी आणि कूलंट घरगुती गटाराला मिळाले, की गावाचा वाफाही बाद आणि त्याचा गाळही बाद. नाल्यात किंवा नदीत सोडायच्या पाण्याला बीओडी ३०, तेल-ग्रीस १० आणि षट्संयुजी क्रोमियम ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा आहे. दारातच, मिसळण्याआधी, तपासणी व्हावी.

पंचायतींनी दर महिन्याला करावे असे एक साधे काम आहे. गटार नाल्याला मिळते त्याच्या वर, खाली आणि गावाच्या हद्दीवर अशा तीन ठिकाणी काचेच्या बाटल्या काठोकाठ भराव्यात, प्रत्येकीत मिथिलीन ब्ल्यूचे सारखे थेंब टाकावेत, बूच लावून सावलीत ठेवाव्यात. निळा रंग काही तासांत उडाला तर पाण्यात प्राणवायू उरलेला नाही. पाच दिवस टिकला तर पाणी बऱ्यापैकी सुधारले. तारीख, वेळ आणि रंग उडायला लागलेले तास वहीत लिहावेत. हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगा महाराष्ट्रातून इकडे येतात. तिथल्या हद्दीवरच्या गावांनी हीच वही ठेवली तर दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांना दाखवायला हातात काहीतरी राहील.

येत्या हंगामासाठी आमच्या मागण्या मोजक्या आहेत. कल्चरच्या निविदेआधी बरणीची परीक्षा आणि धातूंचा अहवाल सक्तीचा करावा. एका पंचायतीत शंभर घरांचा एक वाफा ऑक्टोबरमध्ये सुरू करून मार्चपर्यंत त्याची नोंद सर्वांसमोर ठेवावी. उद्यमबागेत तेलकट मातीसाठी सामाईक ओटा बांधावा, कारण लहान गॅरेजवाल्याला एकट्याने तो परवडत नाही. आराखडे तपासायला, मिस्त्रींना खडी आणि कोपर समजावून सांगायला आणि पहिली वही सुरू करून द्यायला आम्ही विनामूल्य येऊ. निरोप पाठवावा.

कळावे,
माती-पाण्याच्या कामातील काही बेळगावकर